आठवड्यांचा फायदा, दशकांचा दावा

खुबा, गुडघा किंवा दात कृत्रिम बसवून घ्यायचे ठरले की घरात पहिली चर्चा खर्चाची होते आणि दुसरी इम्प्लांटच्या दर्जाची. या दुसऱ्या चर्चेत गेल्या काही वर्षांपासून कोटिंगने ठाण मांडले आहे. सोनेरी थराचा गुडघा, हाडासारख्या सिरॅमिकचा लेप दिलेला खुबा, खास प्रक्रिया केलेल्या पृष्ठभागाचा दात अशी नावे रुग्णाच्या कानावर पडतात आणि माहितीपत्रकात दोन विधाने शेजारी शेजारी छापलेली असतात : हाड लवकर धरते आणि इम्प्लांट जास्त वर्षे टिकते. पहिले विधान बऱ्याच अंशी खरे आहे. दुसरे त्यातून आपोआप निघत नाही. पण शेजारी छापल्यामुळे ते निघते असा समज होतो, आणि त्या समजावर बराच मोठा व्यवहार उभा आहे. कोटिंगचा मोजता येण्याजोगा फायदा प्रामुख्याने पहिल्या काही आठवड्यांचा आणि महिन्यांचा असतो. पुढच्या वीस-तीस वर्षांत काय होते हे प्रयोगशाळा सांगू शकत नाही. ते केवळ हजारो रुग्णांची वर्षानुवर्षे ठेवलेली नोंद सांगू शकते. अशी नोंद आपल्याकडे सक्तीची नाही, आणि माझ्या मते वैद्यकीय उपकरणांच्या नियमनातली ही सर्वांत महागात पडणारी उणीव आहे.

हाड धातूला धरते या शोधाची सुरुवातच कोणत्याही कोटिंगशिवाय झाली, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. १९५२ साली स्वीडनमधील लुंड येथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक सशांच्या हाडातील रक्ताभिसरण पाहण्यासाठी टायटॅनियमची छोटी नळकांडी बसवत होते. प्रयोग संपल्यावर ती काढायला गेले, तर हाडाने ती इतकी पक्की धरली होती की निघेनात. त्यातूनच पुढे १९६५ मध्ये गोथेनबर्ग येथे एका रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले गेले. ते लेथवर कातलेले, साध्या पृष्ठभागाचे होते. तो रुग्ण २००६ मध्ये वारला, तोवर त्याचे दात त्याच स्क्रूंवर उभे होते. म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक. कातलेल्या टायटॅनियमवर हवेशी संपर्क येताच काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर तयार होतो आणि शरीराची गाठ पडते ती त्या थराशी. तेव्हा हाड धरण्यासाठी कोटिंग लागतेच असे नाही. मग कोटिंग कशासाठी? ब्रोनेमार्क यांच्या पद्धतीत खालच्या जबड्यात तीन-चार महिने आणि वरच्या जबड्यात सहा महिने इम्प्लांटवर भार न देता थांबावे लागे. मूळ प्रश्न या थांबण्याचा होता.

इम्प्लांट बसवल्याच्या दिवशी त्याला जी पकड मिळते ती निव्वळ यांत्रिक असते. खुब्याच्या शस्त्रक्रियेत मांडीच्या हाडाची पोकळी रास्पने, म्हणजे खरखरीत कानशीने, नेमकी कोरतात आणि तिच्यापेक्षा किंचित मोठा दांडा हातोड्याने आत बसवतात. दांडा पुरता बसत आला की हातोड्याचा आवाज बदलतो आणि अनुभवी सर्जन त्या आवाजावरून थांबतो. पण दाबल्या गेलेल्या, तडे गेलेल्या त्या कडेच्या हाडाला शरीर तसेच ठेवत नाही. ते झिजवून काढले जाते आणि त्याच्या जागी नवे हाड यायला वेळ लागतो. दरम्यान, दुसऱ्या ते चौथ्या आठवड्याच्या आसपास, एकूण स्थिरता पहिल्या दिवसापेक्षाही कमी झालेली असते. या काळात हाड आणि धातू यांच्यामधली सूक्ष्म हालचाल साधारण ५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत राहिली तर हाड तयार होते. ती १५० मायक्रॉनच्या पलीकडे गेली तर हाडाऐवजी मऊ, तंतुमय ऊती तयार होतात आणि इम्प्लांट पुढे कधीच पक्के होत नाही. एक मिलिमीटरचा सहावा भागही नाही, एवढ्या अंतरात सगळे भवितव्य ठरते.

पृष्ठभागाचे काम ही मधली दरी अरुंद करण्याचे आहे. शस्त्रक्रियेनंतर इम्प्लांटभोवती रक्ताची गुठळी होते, तीत फायब्रिनचे धागे असतात आणि हाड तयार करणाऱ्या पेशी त्या धाग्यांच्या आधाराने धातूकडे सरकतात. सरकताना त्या धागे ओढतात. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर धागे सुटतात, पेशी वाटेतच थांबतात आणि हाड जुन्या हाडाच्या कडेकडून हळूहळू धातूकडे वाढत येते. पृष्ठभाग खडबडीत असेल तर धागे टिकतात, पेशी थेट धातूवर पोहोचतात आणि हाड दोन्ही बाजूंनी एकाच वेळी वाढू लागते. गवंडी गुळगुळीत काँक्रीटवर गिलावा करण्याआधी छिन्नीने ते खरवडून घेतो, तसे हे वरवर दिसते. फरक इतकाच की इथे गिलावा जिवंत आहे आणि त्याला किती खरवड चालते यालाही मर्यादा आहे. टोमास आल्ब्रेक्टसन आणि आन वेनरबर्ग या स्वीडिश संशोधकांच्या कामातून एक ते दोन मायक्रॉनची मध्यम खडबड हाडाला सर्वांत मानवते असे दिसून आले. त्याहून अधिक खडबडीने अधिक फायदा होत नाही.

या ज्ञानाचा दंतवैद्यकात झालेला उपयोग थक्क करणारा आहे. स्वित्झर्लंडमध्ये दंतवैद्य आंद्रे श्रोडर यांच्या काळात टायटॅनियमची भुकटी प्लाझ्माने, म्हणजे अतितप्त वायूने, वितळवून फवारलेले पृष्ठभाग वापरात होते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात वाळूसारख्या कणांचा मारा करून नंतर आम्लात बुडवलेला पृष्ठभाग बाजारात आला आणि भार देण्याआधीची प्रतीक्षा बारा आठवड्यांवरून सहा आठवड्यांवर आली. पुढे तोच पृष्ठभाग पाणी ओढून घेणारा राहावा म्हणून मिठाच्या द्रावणात बंद करून विकला जाऊ लागला आणि प्रतीक्षा तीन-चार आठवड्यांवर उतरली. यांपैकी कशातही धातूवर वेगळ्या पदार्थाचा लेप नाही, धातूचाच चेहरा बदललेला आहे. बाजारात मात्र सगळ्याला सर्रास कोटिंगच म्हणतात. मऊ हाडात, वरच्या जबड्याच्या मागच्या भागात, धूम्रपान करणाऱ्यांत या पृष्ठभागांनी निकाल सुधारले. ज्याचे हाड मुळातच चांगले आहे त्याच्यासाठी दहा वर्षांनंतरचा फरक फारसा राहत नाही. ही काही कमतरता नव्हे. दोन महिने आधी जेवता येणे हा मोठाच लाभ आहे. फक्त तो दोन महिन्यांचा लाभ म्हणून सांगावा.

काळाचा परिणाम डबीतल्या इम्प्लांटवरही होत असतो, ही बाजू फारशी बोलली जात नाही. लॉस एंजेलिसमधील ताकाहिरो ओगावा यांच्या गटाने दाखवून दिले की ताज्या प्रक्रिया केलेल्या टायटॅनियमवर हवेतील हायड्रोकार्बन हळूहळू बसत जातात, पृष्ठभाग पाणी झिडकारू लागतो आणि चार आठवडे जुना पृष्ठभाग प्राण्यांमधील प्रयोगांत ताज्याइतके हाड धरत नाही. अतिनील किरणांचा मारा केला की ती क्षमता परत येते. म्हणजे ज्या पृष्ठभागाच्या जोरावर जाहिरात होते तो पृष्ठभाग कारखान्यातून निघताना जसा होता तसा शस्त्रक्रियेच्या टेबलावर असेलच असे नाही. डबीवरची मुदत निर्जंतुकतेची असते. हाड धरण्याच्या क्षमतेची मुदत कुठेच छापलेली नसते.

आता खऱ्या अर्थाने लेप असलेल्या इम्प्लांटकडे, म्हणजे हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटकडे, वळू. आपल्या हाडातील खनिजाचा हा जवळचा नातलग. कॅल्शियम आणि फॉस्फरसचे प्रमाण १.६७. लंडनमधील रोनाल्ड फर्लाँग आणि नेदरलँड्समधील रुडॉल्फ गेसिंक यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यात खुब्याच्या दांड्यावर त्याचा लेप देऊन शस्त्रक्रिया सुरू केल्या. असा दांडा पाकिटातून काढला की तो धातूचा आहे असे वाटतच नाही : फिकट पांढरा, खडूसारखा कोरडा, बोटाला खरखरीत लागेल असा, पण त्याला बोट लावायचे नसते, हातमोजा घातलेलेही नाही. हाडाला तो परका वाटत नाही आणि थोडी फट राहिली असली तरी हाड ती भरून काढत त्याच्यापर्यंत येते. पहिल्या वर्षातले त्याचे वागणे खरोखर उत्तम आहे. क्ष-किरण चित्रांच्या जोडीवरून मिलिमीटरच्या अंशापर्यंत हालचाल मोजणारी एक पद्धत स्वीडनच्या गोरान सेल्विक यांनी १९७० च्या दशकात विकसित केली. तिने मोजले असता गुडघ्याचा लेप दिलेला, सिमेंटविरहित (हाडात बसवायला सिमेंट न वापरलेला) खालचा भाग पहिल्या काही महिन्यांत थोडासा सरकतो आणि मग थांबतो असे दिसते. थांबणे महत्त्वाचे, कारण दोन वर्षांनंतरही सरकत राहणारे इम्प्लांट पुढे सैल होण्याची शक्यता बरीच जास्त असते.

पण हा लेप कायमचा नाही. तो फवारताना प्लाझ्माचे तापमान हजारो अंशांवर जाते, कण क्षणभर वितळतात आणि धातूवर आदळून झटकन थिजतात. या गडबडीत त्यातला काही भाग स्फटिकरूप राहत नाही, आणि अस्फटिक भाग शरीरातील द्रवांत लवकर विरघळतो. त्यामुळे आंतरराष्ट्रीय मानकाने लेपात किमान ४५ टक्के स्फटिकता आणि धातूला चिकटून राहण्याची किमान १५ मेगापास्कल ताकद अशा अटी घातल्या आहेत. लेप जाड दिला तर तो सुटून पापुद्रे निघण्याची भीती, पातळ दिला तर लवकर संपण्याची. शिवाय हाडाची नित्य डागडुजी करणाऱ्या पेशी जसे जुने हाड खातात तसाच हा लेपही हळूहळू खातात, कारण त्यांना दोन्ही सारखेच. काही वर्षांनी लेपाचा बराच भाग उरलेला नसतो. तेव्हा खरा प्रश्न उभा राहतो : लेप गेल्यावर त्याच्याखाली काय आहे?

या प्रश्नाचे उत्तर रुग्णांनी आपल्या शरीरावर दिले आहे. खुब्याच्या वाटीच्या, म्हणजे ज्यात खुब्याचा गोळा फिरतो त्या भागाच्या, काही जुन्या नमुन्यांत हा लेप जवळजवळ गुळगुळीत धातूवर दिलेला होता. पहिली काही वर्षे त्यांचे निकाल झकास होते. लेप झिजल्यावर हाडाला धरायला काही उरले नाही आणि वाट्या सैल झाल्या. याउलट १९८६ पासून वापरात असलेल्या कोराइल या फ्रेंच दांड्याचा धातू लेपाखाली खडबडीत केलेला आणि खाचा पाडलेला आहे. लेप विरळ झाला तरी हाड त्या खाचांत बसलेले राहते आणि नॉर्वेसह अनेक देशांच्या नोंदवह्यांत त्याचे दीर्घकालीन निकाल उत्तम आहेत. दोन्हींवर लेप एकच, हमीची वाक्येही बहुधा सारखीच. तीन वर्षांच्या अभ्यासात दोघांतला फरक दिसला नसता.

स्वीडनच्या खुबा नोंदवहीवरून २०१० आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेले दोन अभ्यास तर कोटिंगच्या उत्साहावर पाणी ओतणारेच आहेत. एकाच नमुन्याचा लेप असलेला आणि नसलेला असे दोन्ही प्रकार वापरले गेले असल्यामुळे तुलना सरळ होती. ४,७७२ खुब्यांच्या अभ्यासात दांड्यावरील लेपाने टिकाऊपणात काहीच भर घातलेली आढळली नाही, आणि आठ हजारांहून अधिक खुब्यांच्या दुसऱ्या अभ्यासात लेप असलेल्या वाट्या सैल होऊन बदलाव्या लागण्याचा धोका उलट जास्त निघाला. यावरून सगळे लेप वाईट असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल; कोराइलचे उदाहरण समोरच आहे. लेप, त्याखालचा धातू, घडण आणि घासणारे भाग मिळून एक इम्प्लांट बनते आणि टिकाऊपणा त्या अख्ख्या जोडणीचा असतो, एकट्या लेपाचा नव्हे. प्रत्यक्षात गेल्या पंचवीस वर्षांत खुबे जास्त टिकू लागले त्याचे मोठे श्रेय दाट जोडबंधांच्या सुधारित पॉलिइथिलिनला जाते. त्याची झीज कमी झाली, झिजेच्या कणांमुळे इम्प्लांटभोवतीचे हाड पोखरले जाणे कमी झाले. प्लास्टिकच्या वाटीचे कौतुक जाहिरातीत शोभत नाही, म्हणून ते श्रेय पृष्ठभागाच्या खात्यावर जमा होते.

पृष्ठभागाची गोष्ट किती नाजूक आहे हे टेक्सासमधील ऑस्टिनच्या एका कारखान्याने जगाला शिकवले. सुल्झर ऑर्थोपेडिक्स या कंपनीने डिसेंबर २००० मध्ये आपल्या इंटर-ऑप नावाच्या खुब्याच्या वाट्या परत मागवल्या. वाटीची रचना ठीक होती, धातू ठीक होता, सच्छिद्र पृष्ठभागही ठीक होता; मात्र उत्पादनादरम्यान लागलेल्या यंत्रतेलाचा अंश त्यावर राहून गेला होता. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या थरामुळे हाड वाटीला धरेना. हजारो रुग्णांना दुसऱ्यांदा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले आणि कंपनीला सुमारे एक अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली. या प्रकरणात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की दोष ठरावीक घाण्यांत (उत्पादनाच्या बॅचमध्ये) होता. कोणत्या रुग्णाला कोणत्या घाण्यातली वाटी बसली हे ठाऊक असल्याशिवाय अशा दोषाचा माग लागत नाही.

दातांच्या बाबतीत काळ वेगळ्या प्रकारे उलटतो. खुब्याचा दांडा हाडात पूर्ण बंद असतो. दाताचे इम्प्लांट हिरड्यांतून तोंडात येते, जिथे जंतूंची वस्ती कायमची. हिरडीचा दाह खोल गेला, इम्प्लांटच्या गळ्याजवळचे हाड थोडे खाली सरकले की जो खडबडीत पृष्ठभाग पहिल्या महिन्यात पेशींना आधार देत होता तोच उघडा पडून जंतूंच्या थराला आधार देऊ लागतो. तो स्वच्छ करणे गुळगुळीत पृष्ठभागापेक्षा कितीतरी अवघड. इम्प्लांटभोवतीचा असा हाड खाणारा दाह सुमारे पाचपैकी एका रुग्णात आढळतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यातून २०१५ साली पुढे आले. कुत्र्यांमधील प्रयोगांत काही प्रक्रिया केलेल्या पृष्ठभागांभोवती हा दाह गुळगुळीतपेक्षा वेगाने पसरला. म्हणून इम्प्लांटच्या ज्या काळात हाड लवकर धरायला हवे आणि ज्या काळात दाह आटोक्यात ठेवायला हवा, त्या दोन्हींच्या गरजा एकमेकींच्या विरुद्ध आहेत. गळ्यापाशी गुळगुळीत आणि खाली खडबडीत अशी घडण हा त्यावरचा एक समंजस तोडगा आहे. आयुष्यभराची हमी लिहिलेले कार्ड देणाऱ्या दवाखान्याने सहा महिन्यांनी सफाईला या, असे त्याच कार्डावर ठळक लिहिले, तर निम्मे काम होईल.

सोनेरी गुडघ्याचे प्रकरण तर या लेखाच्या विषयात खरे म्हणजे बसतच नाही, आणि तेच सांगण्यासाठी ते घेतो आहे. तो रंग टायटॅनियम नायट्राइड किंवा तत्सम संयुगाच्या काही मायक्रॉन जाडीच्या थराचा. त्याचा हेतू गुडघ्याच्या कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूमधून निकेलसारखे आयन बाहेर पडू नयेत हा, म्हणजे प्रामुख्याने धातूची अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी. आपल्याकडे बहुतेक सगळे गुडघे सिमेंट वापरून बसवले जातात. हाड आणि धातू यांच्यामध्ये सिमेंटचा थर असतो, त्यामुळे हाड कोटिंगला धरते की नाही हा मुद्दाच उद्भवत नाही. सोनेरी आणि साधा यांच्या तुलनात्मक चाचण्यांत रुग्णांना जाणवेल असा ठोस फरक समोर आलेला नाही. तरीही तो जास्त वर्षे टिकतो असे सांगून विकला जातो. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली तेव्हा साध्या कोबाल्ट-क्रोमियमच्या संचासाठी ५४,७२० रुपये आणि टायटॅनियम, ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियम अशा विशेष धातूंसाठी ७६,६०० रुपये अशी वर्गवारी केली. निर्णय स्वागतार्ह होता, पूर्वीच्या लुटीला त्याने चाप लावला. पण वर्गवारीचा निकष पदार्थ हा राहिला, टिकाऊपणाचा पुरावा हा नव्हे. पदार्थ बदलला की भाव वाढतो, हे सरकारनेच मान्य केल्यासारखे झाले.

ब्रिटनमध्ये याला एक साधा, जवळजवळ रूक्ष पर्याय आहे. तिथे तज्ज्ञांचे एक मंडळ प्रत्येक इम्प्लांटला श्रेणी देते आणि त्या श्रेणीतला आकडा म्हणजे किती वर्षांचा पुरावा उपलब्ध आहे तो : ३, ५, ७, १०, १३, १५. दहा वर्षांत बदलाव्या लागणाऱ्यांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत असावे हा तिथला २०१४ पासूनचा दंडक. नवे, चकचकीत कोटिंग घेऊन आलेल्या इम्प्लांटला तिथे सुरुवातीला लहान आकडाच मिळतो, मग त्याचा कारखाना कितीही मोठा असो. अर्थात हे शक्य होते कारण स्वीडनने १९७० च्या दशकात, ऑस्ट्रेलियाने १९९९ मध्ये आणि इंग्लंड-वेल्सने २००३ मध्ये सांधारोपणाच्या राष्ट्रीय नोंदवह्या सुरू केल्या.

आपल्याकडे खुबा व गुडघा शल्यचिकित्सकांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण ती ऐच्छिक. ज्या सर्जनचे निकाल चांगले आणि ज्याच्या हाताखाली माणसे पुरेशी, तो भरतो. २०१५ पासून उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. पण दुष्परिणाम कळवणे वेगळे आणि प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद ठेवणे वेगळे. एकूण किती बसवले हेच ठाऊक नसेल तर बिघडलेल्यांच्या आकड्याला अर्थ राहत नाही. याची किंमत आपण एकदा मोजली आहे. डेप्यू कंपनीचा एएसआर हा धातूवर धातू घासणारा खुबा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवण्यात आला. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणी मुंबईत पोलिसांत तक्रार केली होती. पुढे केंद्राने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या माहितीनुसार भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि माग लागला तो जेमतेम १,०८० रुग्णांचा. तो दोष लेपाचा नव्हता, घासणाऱ्या धातूचा होता. मात्र उद्या एखाद्या लेपाच्या घाण्यात दोष निघाला तर आपण याच जागी उभे असू. उरलेल्या साडेतीन हजारांहून अधिक माणसांच्या रक्तात कोबाल्ट किती वाढले, त्यांचे खुबे पुन्हा कोणी बदलले, हे विचारायला पत्ताच नव्हता.

परदेशी नोंदवह्या आहेत ना, त्यांचे निष्कर्ष वापरा, असे सांगणारे सर्जन भेटतात. त्यांचे म्हणणे अर्धे मान्य आहे. कोणता नमुना वापरू नये हे त्या नक्की सांगतात. पंचाहत्तरीच्या पुढच्या रुग्णांत सिमेंटचा खुबा कोटिंगच्या खुब्यापेक्षा कमी वेळा बदलावा लागतो हेही त्यांनी वारंवार दाखवले आहे, आणि तरीही जगभर, आपल्याकडेही, वृद्धांना महाग सिमेंटविरहित खुबे बसवले जातात. पण इंग्लंडमध्ये खुबा बदलणाऱ्याचे सरासरी वय सत्तरीच्या जवळ असते. आपल्याकडे खुब्याच्या रांगेत तिशी-चाळिशीतली माणसे मोठ्या संख्येने असतात, कारण खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो कुजण्याचा आजार इथे तरुणपणीच गाठतो. स्टेरॉइड आणि दारू ही त्याची नेहमीची कारणे. गडचिरोली आणि नंदुरबार यांसारख्या सिकलसेलग्रस्त भागांत तर तो विशीतच दिसतो. अशा तरुणांसाठी सिमेंटविरहित, लेप दिलेला खुबा हीच बहुधा योग्य निवड असते, आणि त्यांना तो चाळीस वर्षे पुरायला हवा असतो. रक्तवाहिन्या तुंबलेल्या, मज्जा पालटलेल्या त्या हाडात लेप कसा वागतो, मांडी घालून आणि उकिडवे बसणाऱ्या शरीरात तो किती टिकतो, याचे उत्तर स्वीडनच्या नोंदवहीत सापडणार नाही.

सक्तीच्या नोंदवहीला खर्च आणि माणूसबळ कुठून आणायचे हा आक्षेप हमखास येतो. त्याचे उत्तर प्रत्येक ऑपरेशन थिएटरमध्ये तयार पडलेले आहे. इम्प्लांटच्या प्रत्येक भागाच्या डबीत चिकटवायची छोटी स्टिकरे असतात. त्यांवर निर्मात्याचे नाव, नमुन्याचा क्रमांक, आकार, घाण्याचा क्रमांक आणि मुदत छापलेली असते, बारकोडसह. परिचारिका एक स्टिकर शस्त्रक्रियेच्या टिपणाला लावते, एक बिलाला. विमा कंपनी असो वा सरकारी योजना, पैसे देण्याआधी पावतीबरोबर हे स्टिकर मागितले जाते. म्हणजे नोंदवहीला लागणारी जवळजवळ सगळी माहिती आजही दररोज गोळा होते आहे, फक्त ती लेखा विभागात जाते आणि दावा मंजूर झाला की फाइल बंद होते. रुग्णाच्या हातात पडणाऱ्या डिस्चार्ज कार्डावर मात्र पुष्कळदा 'खुब्याचे संपूर्ण रोपण, सिमेंटविरहित' एवढेच असते. युरोपच्या २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनी प्रत्येक इम्प्लांटधारकाला त्याच्या इम्प्लांटची ओळख सांगणारे कार्ड देणे बंधनकारक केले; तसे कार्ड देण्यासाठी आपल्याकडे नव्या यंत्रणेची गरज नाही, एक जादा स्टिकर पुरेल.

राज्य सरकार ज्या शस्त्रक्रियांचे पैसे स्वतः भरते तिथून ही सुरुवात करता येईल. दाव्याची रक्कम देताना स्टिकरवरचा मजकूर राज्याच्या नोंदवहीत चढवण्याची अट घालावी. पृष्ठभागाचा प्रकार, लेप असल्यास त्याची जाडी आणि स्फटिकता हे निर्मात्याने एकदाच नमुन्याच्या क्रमांकासमोर भरून द्यावे. आणि त्याच रुग्णाच्या त्याच सांध्यावर पुन्हा दावा आला तर पहिल्या नोंदीशी तो आपोआप जोडला जावा. इम्प्लांट बदलले की नाही, ही एकच गोष्ट दहा वर्षे पाहिली तरी कोटिंगबद्दलच्या निम्म्या दाव्यांचा निकाल लागेल. देशी निर्मात्यांनी या अटीला विरोध करण्याऐवजी ती मागूनच घ्यायला हवी. आज एखाद्या सर्जनपुढे परदेशी आणि भारतीय असे दोन लेप दिलेले दांडे ठेवले तर तो परदेशी उचलतो, तो देशाभिमान कमी असल्यामुळे नव्हे, तर त्याच्यामागे तीस वर्षांची नोंद आहे म्हणून. भारतीय दांड्याचा लेप कदाचित तितकाच चांगला असेल, पण तसे सिद्ध करून दाखवायला त्याच्याकडे एकही वही नाही.